बीटीआरएफएसवर जागा मोकळी करताना

बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर) मोठी फाइल पुसूनही मोकळी जागा वाढत नसेल, तर बहुधा एखाद्या जुन्या स्नॅपशॉटने (फाइलींची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) त्या फाइलचे ब्लॉक धरून ठेवलेले असतात, आणि तो स्नॅपशॉट काढल्याशिवाय ते सुटत नाहीत. म्हणून आधी ‘सबव्हॉल्यूम लिस्ट’ या आदेशाने स्नॅपशॉटांची यादी पाहावी व नको असलेले ‘सबव्हॉल्यूम डिलीट’ने काढावेत. प्रत्यक्ष साफसफाई पार्श्वभूमीत चालते. त्यामुळे आकडा लगेच बदलला नाही तरी घाई करू नये.

मोकळी जागा दाखवणाऱ्या नेहमीच्या ‘डीएफ’ आदेशावर विसंबण्यापेक्षा बीटीआरएफएसचा ‘फाइलसिस्टम युसेज’ हा आदेश पाहणे माझ्या मते केव्हाही श्रेयस्कर, कारण डेटा आणि मेटाडेटा (फाइलींची नावे, जागा वगैरे नोंदी) यांना किती जागा वाटून दिली आहे, त्यातली किती वापरली गेली आणि अवाटप (अजून कोणालाच न दिलेली) किती उरली, हे तिथेच स्पष्ट होते. अवाटप जागा संपली आणि मेटाडेटाही भरला, तर डेटाच्या वाट्याला जागा रिकामी असूनही ‘जागा शिल्लक नाही’ अशी त्रुटी येऊ शकते. अशा वेळी ‘बॅलन्स’ (खंडांची फेरमांडणी करणारा आदेश) चालवावा, मात्र संपूर्ण नव्हे: ‘डीयुसेज’ची (किती भरलेल्या डेटा-खंडांपर्यंतच हात घालायचा, याची) मर्यादा आधी 5 टक्के, मग 10 टक्के अशी हळूहळू वाढवत न्यावी, म्हणजे जवळजवळ रिकामे डेटा-खंड तेवढे एकत्र येऊन जागा सुटते.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क बिघडली तर तोही जातो, म्हणून बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावाच.