आप्पांचा ताप आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक

रावेरजवळच्या आमच्या मळ्यात आप्पांना तीन आठवडे रोज संध्याकाळी ताप भरत होता आणि औषधाने दोन दिवस उतरून पुन्हा येत होता. जवळच्या शहरातील एका दवाखान्याच्या पाटीवर ‘संसर्गरोगतज्ज्ञ’ असे लिहिले होते. मात्र चिठ्ठीवरील नोंदणी क्रमांक राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत शोधला, तेव्हा नावापुढे केवळ एमबीबीएस दिसले. वरची पदवी नोंदवायची राहिलीही असेल, म्हणून मी त्या डॉक्टरांनाच नम्रपणे विचारले. त्यांनी एका छोट्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र दाखवले. या विषयाची पूर्ण पात्रता म्हणजे सहसा एमडीनंतरची तीन वर्षांची डीएम किंवा डीआरएनबी ही अतिविशेष पदवी, हे मला तेव्हा कळले.

जळगावच्या एमडी डॉक्टरांनी पुण्यातील तज्ज्ञ सुचवले. त्यांचीही नोंद मी आधी तपासली, आणि एवढ्या लांबच्या प्रवासापूर्वी ते करणे मला आवश्यकच वाटते. सगळे जुने अहवाल तारखेनुसार लावून नेले होते. ते वाचून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, घरी गुरे आहेत का? धारोष्ण दूध पिता का?” आप्पांनी मान डोलावली. रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलोसिस, म्हणजे गुरांकडून कच्च्या दुधातून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार, निघाला आणि सहा आठवड्यांच्या औषधांनी ताप गेला.