प्रीमियर पद्मिनी गाडीचा एसी पंप बदलताय? आधी या चुका टाळा

एसी पंप म्हणजे गार हवेचा नाही हो, इंजिनला चिकटलेला तो गोल डबा जो टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. जुने मेकॅनिक त्याला एसीच म्हणतात. दोन नट, दोन पाईप, त्यामुळे सगळ्यांना वाटतं अर्ध्या तासाचं काम, आणि मग रविवारी ऐन जेवायच्या वेळी मला फोन.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे स्पेसर. पंप आणि इंजिनच्या ब्लॉकच्या मधे बेकेलाईटचा जाड काळा तुकडा असतो, तो इंजिनची गर्मी पंपात येऊ देत नाही आणि पंपाचा लिव्हर कॅमपर्यंत, म्हणजे त्याला हलवणाऱ्या इंजिनातल्या फिरत्या उंचवट्यापर्यंत, किती आत जाणार तेही तोच ठरवतो. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका पोराने गेल्या मे महिन्यात वडिलांच्या पद्मिनीचा पंप बदलला. स्पेसर जुन्या पंपालाच चिकटून निघाला, त्याला वाटलं पंपाचाच भाग, आणि दोन्ही भंगारवाल्याला गेलं. नवीन पंप थेट ब्लॉकवर. लिव्हर जास्त आत गेला, पंप बसेना, तर या पठ्ठ्याने एकाच बाजूचा नट पाना लावून आवळत नेला, कट्ट करून पंपाचा कान तुटला. मला म्हणतो, "काका, माल डुप्लिकेट आहे." अरे माल कसला डुप्लिकेट! भर उन्हात भंगारवाल्याकडे गेलो, पत्र्याच्या ढिगाऱ्यात जुना पंप सापडला, मागे स्पेसर तसाच. पोराच्या खिशातून दुसरा पंप आणला.

माझी सवय सांगतो. जुना पंप काढला की तो, स्पेसर आणि गास्केटं (सांध्यातल्या पातळ चकत्या) आहेत त्याच क्रमाने पेपरवर मांडायची, नवीन पंप चालू होईपर्यंत काही फेकायचं नाही. बसवताना पंप हाताने दाबून बघायचा, स्प्रिंग खूप जोर देत असेल तर कॅमचा उंच भाग लिव्हरवर आलाय, इंजिन थोडं फिरवून घ्या. मग दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने. आणि सेफ्टी म्हणून दोन-दोन गास्केटं लावू नका, लिव्हरचा स्ट्रोक कमी होतो आणि चढावर गाडी उपाशी मरते.

इनलेट-आउटलेट उलटे जोडणारे पण भेटलेत. पंपावरचे बाण बघा, बास.

दुसरी चूक, ऑइल न बघणं. डायफ्राम, म्हणजे पंपातला रबरी पडदा, फाटला की पेट्रोल खालच्या भोकातून बाहेर टपकतं नाहीतर गुपचूप इंजिनच्या ऑइल चेंबरमधे उतरतं. डिपस्टिक काढा, वास घ्या. लेव्हल वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय तर ऑइल बदलल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, पातळ ऑइलवर बेअरिंगं जातात. "नंतर बदलू" म्हणणाऱ्यांशी मी बोलायचंच सोडलंय. आता पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, तेव्हा दहा वर्षं कपाटात पडलेला 'ओरिजिनल' पंप कोणी कौतुकाने दिला तरी डायफ्राम बदलूनच लावा.

पंप बदलूनही पेट्रोल येत नाही? टाकीकडचा रबरी पाईप बघा. तिथे बारीक चीर असेल तर एक थेंब गळत नाही, पंप नुसती हवा ओढतो. मी स्वतः यापायी घोडबंदर रोडवर गायमुखला तासभर उभा होतो, मागून ट्रकवाल्यांच्या शिव्या, आणि गाडीत नवाकोरा पंप. त्या दिवसापासून पंपासोबत दोन्ही रबरी पाईप आणि क्लिपा बदलतोच.

पंपात पेट्रोल ओढून घ्यायचा हाताचा प्रायमिंग लिव्हर ढिला लागला म्हणून पंप परत करायला पळू नका. कॅम उंचावर असला की तो ढिलाच लागतो, इंजिन अर्धा-एक फेरा फिरवा, परत मारा.

आणि ते इलेक्ट्रिक पंपाचं खूळ! मेकॅनिकल पंप ३-४ पीएसआयच्या आसपास प्रेशर देतो, कार्बोरेटरमधे पेट्रोल अडवणाऱ्या सुईला तेवढंच झेपतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा जास्त प्रेशरचा पंप लावलात तर पेट्रोल कार्बोरेटरमधून उतू जाणार, तेही गरम मॅनिफोल्डवर. लावायचाच असेल तर कमी प्रेशरचाच लावा, आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल असा स्विच हवाच.

टेस्ट करताना कार्बोरेटरकडचा पाईप बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढा, मग स्टार्टर मारा. दणदणीत पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. आणि तेव्हा शेजारी सिगरेट ओढत सल्ले देणाऱ्या काकांना आधी गेटबाहेर काढा.