कॅमेरा बदलताय? बॉडीच्या भावावर हिशेब थांबवण्याची चूक टाळा

लग्नाचं काम करणारे बहुतेक फोटोग्राफर जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) देऊन फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आरसा नसलेला) घेताना फक्त बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, भाव विचारतात. खिसा रिकामा होतो तो नंतरच्या खरेदीत.

सगळ्यात महागात पडते ती लेन्सची चूक. ‘अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवणारा जोड) लावला की जुन्या लेन्स चालतात’ हे अर्धंच खरं. कॅननची ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची, लेन्स फुल फ्रेम ईओएस आर५ वर बसते, पण कॅमेरा चित्र क्रॉप करतो आणि ४५ मेगापिक्सेलमधले जेमतेम १७ हाती राहतात. म्हणजे तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्याहूनही कमी! निकॉनच्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस बॉडीतल्या मोटरवर चालतो. निकॉनच्या झेड मिररलेस बॉडीत आणि तिच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही, त्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो. दुकानात जाण्याआधी प्रत्येक लेन्सपुढे दोन गोष्टी लिहा: फुल फ्रेमची आहे का, आत मोटर आहे का. निम्म्या लेन्स बाद होत असतील तर बॉडी एक पायरी खालची घ्या आणि उरलेले पैसे लेन्सला ठेवा. फिल्टर मात्र प्रत्येक लेन्सला नवा नको; सर्वात मोठ्या मापाचा, बहुधा ७७ किंवा ८२ मिमीचा, एकच चांगला घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावा. रिंग लावल्यावर लेन्सचं हूड (तिरपा उजेड अडवणारं झाकण) सहसा बसत नाही, एवढं लक्षात असू द्या.

मग साठवणूक. ४५ मेगापिक्सेलची लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (सेन्सरचा मूळ डेटा, काही न गमावता आकार कमी केलेला) साधारण ५० एमबीची. एका लग्नाच्या ३,००० फ्रेम म्हणजे १५० जीबी, दोन प्रती ३०० जीबी. वीस लग्नांना ६ टीबी. इतके मेगापिक्सेल लागतात का, हे आधी पाहा. अल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १९ मेगापिक्सेल पुरतात. आमच्या मते या कामाला २४ चा कॅमेराच शहाणपणाचा.

बर्स्टमध्ये, म्हणजे एकामागून एक वेगाने फोटो काढताना, कॅमेरा अडकत असेल तर आधी कार्ड तपासा. यूएचएस-१ प्रकारच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादाच १०४ एमबी प्रति सेकंद, आणि कार्डावरची व्ही३० ही खूण म्हणजे लिहिण्याच्या किमान ३० एमबी वेगाची हमी. कार्डावरचा मोठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. दोन्ही स्लॉटवर एकदम रॉ लिहिताना हळू कार्डाचाच वेग मिळतो.

बॅटरीचाही हिशेब करा. सीपाच्या (कॅमेरा उत्पादकांच्या जपानी संघटनेच्या) चाचणीत एका चार्जवर डीएसएलआर निकॉन डी७५० ला १,२३० शॉट, तर मिररलेस झेड ६ ला ३१०. प्रत्यक्षात जास्त निघतात, तरी दिवसभराच्या लग्नाला तीन-चार बॅटऱ्या धराच.

रॉ उघडतच नसेल तर सॉफ्टवेअर जुनं आहे. अडोबीच्या लाइटरूम ६ या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्यांचा आधार २०१७ नंतर मिळालेला नाही. रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरला उघडता येईल अशा डीएनजी प्रकारात बदलणारा अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरा. १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेला) व्हिडिओ अडखळत असेल तर नवा कॉम्प्युटर घेण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवून पाहा.

पैसे भरण्यापूर्वी तोच कॅमेरा एक दिवस भाड्याने आणा. स्वतःच्या लेन्स, कार्ड, फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश चालवणारं उपकरण) लावून शूट करा, आणि दोनशे रॉ फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर एडिट करून बघा.