ट्रॅक्टरचा ब्लॉक तडकल्यावर या चुका टाळा

ऑइलमध्ये पाणी दिसले की ‘ब्लॉक गेला’, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा बिडाचा मुख्य सांगाडाच तडकला, असे सांगून मोकळे होणारे मिस्त्री नागपूर जिल्ह्यात गावोगावी भेटतात आणि शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान या घाईनेच होते. पाणी हेड (ब्लॉकवरचे झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅसकेटमधून, तडकलेल्या हेडमधून किंवा लायनरच्या (सिलिंडरमध्ये बसवलेल्या नळीच्या) खालच्या रबरी रिंगांमधूनही ऑइलमध्ये उतरते, आणि ही कामे ब्लॉक बदलण्याच्या मानाने किरकोळ असतात.

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर माझ्याकडे आला, तेव्हा जुन्या ब्लॉकचा सौदा ठरून त्याचा इसारही देऊन झाला होता. हेड जागेवरच ठेवून मी खालचे ऑइल चेंबर उतरवले, इंजिनात गरम पाणी भरले, रेडिएटरच्या तोंडातून हातपंपाने सुमारे एक किलो दाब दिला आणि हातातली बॅटरी (टॉर्च) लावून खाली वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने तिसऱ्या लायनरच्या खालच्या कडेवर एक थेंब जमला, लोंबकळला आणि क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर पडला. लायनर काढल्यावर रबरी रिंगा नखाने तुकडे पडतील इतक्या कडक झालेल्या निघाल्या. ब्लॉक मात्र धडधाकट होता. पाणी गरमच घ्यावे, कारण काही तडे थंड ब्लॉकमध्ये मिटलेले राहतात. बाहेरून संशय असलेल्या जागी लाल डाय (तड्यात मुरणारा रंग) आणि तो रंग वर ओढून तडा दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारल्याशिवाय मी तड्याची लांबी सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे बिडाच्या ब्लॉकवर लोखंडाची साधी वेल्डिंग काडी चालवणे. बिडात कार्बन भरपूर असल्याने जोडालगतचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा कठीण व ठिसूळ बनतो, आणि पुढचा तडा बहुधा त्या जोडाला चिकटूनच पडतो. मी आधी तड्याच्या दोन्ही टोकांना लहान छिद्रे पाडतो, त्या भागात मुरलेले ऑइल तापवून जाळतो, निकेलची काडी वापरून एकावेळी इंचभरच वेल्डिंग करतो, ते गरम असतानाच हलके ठोकतो आणि हात ठेवता येईपर्यंत पुढचा इंच घेत नाही. शेवटी सगळा भाग कोरड्या चुन्याखाली झाकून ठेवतो. या कामाला दिवस जातो. ज्याला संध्याकाळी ट्रॅक्टर हवा आहे त्याने हे काम मला सांगू नये. सिलिंडरजवळच्या तड्याला वेल्डिंगपेक्षा थंड पद्धतीची मेटल स्टिचिंग (न तापवता धातूच्या पिना बसवून तडा शिवणे) बरी, आणि मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या आधारालाच तडा असेल तर तो ब्लॉक सरळ भंगारात द्यावा.

एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायची घट्ट होणारी लुगदी, फक्त बाहेरच्या पाण्याच्या कप्प्यावर चालते. अनेक ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते आणि इंजिनच मधला भार वाहते, त्यामुळे क्लच हाउसिंगच्या बोल्टांजवळ ती भरणे धोक्याचे आहे.

हेडच्या बोल्टांची बंद छिद्रे ऑइल-पाण्याने भरलेली असताना बोल्ट आवळले, तर अडकलेल्या द्रवाच्या दाबाने चांगला ब्लॉकही फुटतो. म्हणून छिद्रे हवेने साफ करावीत आणि टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरावा. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) उकळलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली रिती करणे तर आधी थांबवा. भार काढून इंजिन थोडा वेळ हळू चालू द्यावे आणि पाणी निवल्यावरच झाकण उघडावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा काढला नाही, तर दुरुस्त केलेला ब्लॉकही पुन्हा तापतो.

जुना ब्लॉक विकत घेताना मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या, त्याच क्रमाने घ्याव्यात; त्या ब्लॉकसह एकत्र बोअर केलेल्या असतात आणि दुसऱ्या ब्लॉकवरच्या कॅप बसवल्या तर क्रँक जाम होऊ शकतो. इंजिन क्रमांक बहुतेक ब्लॉकवरच कोरलेला असतो. तो बदलणार असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी, नंतर आरसीवर नोंद करून घ्यावी, आणि त्यासाठी ब्लॉक विकणाऱ्याकडून क्रमांक लिहिलेली पावती तसेच मूळ ट्रॅक्टरच्या आरसीची प्रत पैसे देण्यापूर्वीच हातात घ्यावी.