उपग्रहावरून गवताचा कस जोखताय? या चुका टाळा

सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माळरानाचा एनडीव्हीआय (उपग्रहाच्या चित्रातून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक) नकाशा काढायचा आणि त्यातला गर्द हिरवा तुकडा हाच सगळ्यात सकस चारा असं धरून चालायचं, ही चूक सर्रास होते आणि तीच सगळ्यात महागात पडते. हिरवा पाला किती दाट आहे एवढंच एनडीव्हीआय दाखवतो. गवत वाढतं तशी त्यात काडी वाढते आणि नत्राची, म्हणजेच प्रथिनांची, टक्केवारी उतरते. समजा, जुलैत हेक्टरी १००० किलो कोरडा चारा आहे आणि प्रथिनं १२ टक्के, म्हणजे १२० किलो. सप्टेंबरअखेर चारा ३००० किलोंवर गेला, प्रथिनं ६ टक्क्यांवर आली, म्हणजे १८० किलो. नकाशावर सगळं झकास! पण प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या जिवाणूंनाच नत्र पुरत नाही, आणि जनावर कमी खायला लागतं. म्हणून टक्केवारी हवी की हेक्टरी किलो, हे आधी ठरवा.

त्यात कुसळी गवताची गंमत वेगळीच. तिला कुसळं धरली की ती लोकरीत रुततात, तोंडाला टोचतात, आणि मेंढ्या शेजारच्या मारवेल गवताकडे वळतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या पिक्सेलमध्ये (चित्राच्या एका चौकटीत) मात्र दोन्ही गवतं एकच. कुठलं गवत किती, ही नोंद पायी फिरूनच घ्यावी लागते.

दाट गवतात एनडीव्हीआय वर जाऊन अडकतो. तिथे रेड-एज, म्हणजे लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या मधले पट्टे (७०५, ७४०, ७८३ नॅनोमीटर) जास्त कामाचे, पण ते २० मीटरचे आहेत. त्यांना १० मीटरवर ताणलं तरी नवी माहिती येत नाही. तेव्हा नमुन्याची जागा निदान ४० मीटर सलग एकसारखी हवी. बांध, बाभळी आणि पायवाटांपासून लांब. एकाच मुठीवर भागवू नका, चार-पाच ठिकाणचं गवत मेंढी खाते त्या उंचीवर कापून एकत्र करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवलेला ओला नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बिघडतो. कागदी पिशवी घ्या, ६०-६५ अंशांवर वाळवा. प्रयोगशाळेने नत्राचा आकडा दिला तर त्याला ६.२५ ने गुणलं की प्रथिनं मिळतात.

आकडे अचानक बिघडले? २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूल्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता, परावर्तन काढायला १०००० ने भागलं की एनडीव्हीआय खोटा घसरतो आणि २०२१ पेक्षा २०२२ चं गवत वाईट होतं असा शोध लागतो. गूगलच्या अर्थ इंजिनवर हार्मोनाइज्ड (जुनी-नवी मूल्यं जुळवलेला) संच वापरला तर ही कटकट नाही.

ढगांचं दुखणं मोठं, कारण चारा सकस असतो तेव्हाच पावसाळा असतो. ढग गाळताना त्यांच्या सावल्याही गाळा. रडार ढगांतून पाहतं खरं, पण त्याला कळतो तो ओलावा आणि गवताचा आकार-दाटपणा, नत्र नाही. डिसेंबरात माळावर हिरवं दिसलं तर ते बहुधा बाभूळ नाहीतर टणटणी असते.

न्यूझीलंडच्या रायग्रास गवतावर बसवलेलं सूत्र इथे उचलून लावू नका. आपलं मॉडेल तपासताना एकाच माळाचे पिक्सेल दोन गटांत (एक मॉडेल बनवायला, एक तपासायला) वाटले तर अचूकता फुगलेलीच दिसणार. एक अख्खा माळ बाजूला ठेवा आणि त्यावर तपासा.