बीव्ही पुन्हा पुन्हा होतोय? जोडीदाराच्या उपचारात या चुका टाळा

औषधांचा कोर्स संपतो, वास जातो, स्राव कमी होतो. आणि दोन-तीन महिन्यांत सगळं परत सुरू. बॅक्टेरियल व्हजायनोसिस (बीव्ही), म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडून होणारा त्रास, असा उलटला की कितीतरी जणी स्वतःच्या स्वच्छतेलाच दोष देतात आणि योनी आतून धुऊ लागतात. तसं करू नका. त्यामुळे संरक्षण करणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होतात आणि त्रास वाढतो.

मोठी चूक वेगळीच आहे: औषध फक्त तिला देणं. बीव्हीचे जिवाणू पुरुषाच्या लिंगाच्या त्वचेवर आणि मूत्रमार्गातही राहू शकतात. त्याला बहुधा कसलाच त्रास नसतो, म्हणून ‘मला काय झालंय?’ असं म्हणून तो औषध टाळतो. पण तिची योनी बरी होते आणि पुढच्या संबंधात तेच जिवाणू परत येतात. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकमेकांशिवाय दुसरा जोडीदार नसलेली स्त्री-पुरुष जोडपी त्यात होती. फक्त स्त्रीवर उपचार केले तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना बीव्ही पुन्हा झाला; दोघांवर केले तेव्हा ३५ टक्के जणींना. फरक एवढा स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली.

मग याआधी जोडीदारावरच्या उपचारांचा गुण का येत नव्हता? बहुतेक वेळा पुरुषाला नुसत्या गोळ्या दिल्या जात. या चाचणीत त्याने सात दिवस रोज दोनदा मेट्रोनिडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, शिवाय तेच सात दिवस रोज दोनदा लिंगाच्या त्वचेवर २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम लावलं. तेव्हा ‘गोळी घेतोय, क्रीम राहू दे’ हे चालणार नाही. तिचा कोर्स आज आणि त्याचा पंधरा दिवसांनी, हेही नको. दोघांनी एकाच वेळी सुरू करावा आणि तो पुरा होईपर्यंत संबंध टाळावेत. क्लिंडामायसिन क्रीममुळे लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊ शकतो, म्हणून त्यानंतरही काही दिवस त्यावर विसंबू नका.

तिची उरलेली औषधं त्याला देऊ नका. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. अ‍ॅलर्जी, इतर औषधं, गरोदरपण हे सगळं आधी सांगा. आणि स्राव म्हणजे बीव्हीच असं धरून चालू नका, बुरशीचा संसर्गही असू शकतो. त्याचं औषध वेगळं. जोडीदार स्त्री असेल तर वरचे आकडे तसेच लागू होत नाहीत, तेव्हा तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

जोडीदाराला हे सांगताना ‘तुझ्यामुळे झालं’ असं म्हणू नका. ‘हे जिवाणू आपल्या दोघांत फिरतायत, दोघांनी एकदमच औषध घेऊ’ एवढं सांगा.