संवाद लक्षात राहत नाही? या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या पोरांनी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा लघुपट केला. संवाद माझे. वाडा विकावा लागणाऱ्या बाबांच्या तोंडी शेवटी घातलं होतं, "घर विटांचं नसतं रे, माणसांचं असतं." त्या वाक्यावर मी फार खूश होतो. दाखवून झाल्यावर ते एकालाही आठवेना. जिना उतरताना सगळे म्हणत होते, "आधी पोहे खा." हे आजीचं वाक्य मी सहज टाकलेलं.

टाळीचं वाक्य आधी लिहून मग त्याला प्रसंग शोधला, ही माझी पहिली चूक. असं वाक्य दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालून पाहा. तिथेही चपखल बसलं, तर काढून टाका.

सलीम खान इंदूरचे, जावेद अख्तर जन्माने ग्वाल्हेरचे. हे आम्ही पाहुण्यांना पंगतीत हमखास ऐकवतो. त्यांच्या 'शोले'तलं (1975) "कितने आदमी थे?" नुसतं कागदावर वाचा. टोलनाक्यावरचा माणूसही विचारेल असा प्रश्न! पण गब्बर दिसण्याआधी कितीतरी वेळ त्याचं नुसतं नाव फिरत असतं, आणि तो येतो तेव्हा समोर हात हलवत परतलेली तीन माणसं उभी असतात. त्याच वर्षीच्या 'दीवार'मध्ये मोठा भाऊ गाडी, बंगला, पैसा मोजून दाखवतो, म्हणून धाकट्याचं "मेरे पास माँ है" लागतं. ती यादी गाळा, उत्तर लुळं पडतं. मराठीत तर 'अशी ही बनवाबनवी'तली (1988) पत्त्याची साधी चौकशी! दारावरची बेल वाजली की आजही कुणीतरी विचारतंच, "धनंजय माने इथेच राहतात का?"

म्हणून संवाद लागत नसेल तर शब्द घासत बसू नका. एक पान मागे जा.

दुसरी चूक खास आपल्याकडची. घरात "भिया, जरा सरक ना" म्हणणारी माणसं कॅमेरा सुरू झाला की सदाशिव पेठेतली होतात. बोलतात तसंच लिहा, हिंदी मिसळली तर मिसळू द्या.

वाक्याखाली व्हायोलिन नको. हे सांगायलाही नको, पण पोरं ऐकत नाहीत.

आणि तेच वाक्य उगाच चारदा वदवू नका. आजीचं तीनदा आलं, पण आधी नातवाला, मग दलालाला, शेवटी सही करून मुका झालेल्या मुलाला. शब्द तेच होते, पोहे तेवढे गार होत गेले.

नव्या संकलनात विटांचं वाक्य गेलं. बाबा आता काहीच बोलत नाहीत, बशी जवळ ओढतात. आजी ती काढून घेते. "थांब, गरम करून आणते."